दहाच्या आत चांदणी

एल्मीर दार्दारला राग आला की ती बोलत नाही, पेन्सिलींना टोक काढत बसते. कॉलेजच्या नोंदणीच्या काउंटरवर तिला एकतीस वर्षं झाली. तिच्या पुढ्यात सालींचा ढीग दिसला की शहाणी पोरं फॉर्म खिशात घालतात आणि 'उद्या येतो' म्हणून सटकतात. मी शहाण्यांतला नाही. मी क्लोव्हिस पार्फे, कॉलेजची बस चालवतो. त्या गुरुवारी मी सरळ काउंटरवर कोपर टेकून विचारलं, "तांत, आज कुणाची सालटी काढायचीत?" आमच्याकडे आईच्या वयाच्या बाईला तांतच म्हणतात, मग मावशी सख्खी असो नाहीतर नसो.

"तुझ्या बसची," ती म्हणाली. "बस बंद करतायत. दोन वाजता मीटिंग आहे. तूही ये, आणि तोंड आवरून बस."

तोंड आवरणं मला जमत नाही हे तिला ठाऊक आहे. तरी सांगते दरवेळी.

आता ही बाई कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लुईझियाना राज्याचा नकाशा खालच्या अंगाला चिंध्या झाल्यासारखा दिसतो ना, तिथं रस्ता संपतो आणि खाडी सुरू होते. तिथं आम्ही हूमा लोक राहतो. इंडियन, म्हणजे इथले मूळचे, पण बोली फ्रेंच, आडनावं फ्रेंच, आणि हाताला वास कोळंबीचा. एल्मीरचा बाप बोटीवर, आई जाळी विणायची. शाळेचं म्हणाल तर गोऱ्यांची वेगळी, काळ्यांची वेगळी, आणि आम्ही दोन्हीकडे नको. मिशनवाल्यांची एका खोलीची शाळा होती, ती सातवीपर्यंत. पुढची दारं उघडेपर्यंत एल्मीर कोळंबीच्या कारखान्यात उभी राहायला लागली होती. अठ्ठाविसाव्या वर्षी, दोन पोरं झाल्यावर, तिनं घरी बसून शाळेची परीक्षा दिली आणि पास झाली. मग त्याच कॉलेजात चार वर्षं फरशी पुसली. एक दिवस नोंदणीतली बाई रजेवर गेली, तेव्हा हिला म्हणाले, जरा टपाल लावून दे. तिनं असं लावलं की पुन्हा तिच्या हातात झाडू द्यायची कुणाची छाती झाली नाही.

आमच्या घराघरांत एक शिकवण होती. पोराला पोहायला शिकवायचे तशीच हीही शिकवायचे. कागदावर इंडियन लिहायचं नाही. फॉर्मवर वंशाचा चौकोन आला की तो रिकामा सोडायचा. कुणी विचारलंच तर 'आम्ही खाडीवरचे' म्हणायचं आणि गप्प बसायचं. आमच्या म्हाताऱ्यांनी एकदा खरं लिहून पाहिलं होतं, आणि त्याचं काय झालं ते त्यांनी आम्हाला पुरतं ऐकवलं होतं.

तर दोन वाजताची मीटिंग. हॅडलीसाहेब नवे संचालक. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. राज्याच्या वरच्या भागातले, शर्टाला कडक इस्त्री, आणि 'मला समजतंय' हे पालुपद. त्यांनी भिंतीवर तक्ता दाखवला. राज्याच्या खात्याकडून आलेला, कुठल्या कॉलेजात कोण किती शिकतात त्याचा. गोरे इतके, काळे इतके, स्पॅनिश मुळाचे इतके, आशियाई इतके. आणि 'अमेरिकन इंडियन' या रकान्यासमोर आकडाच नाही. तिथं एक चांदणी.

"ती चांदणी काय?" मी विचारलं. एल्मीरनं माझ्या पायावर पाय दिला.

"दहापेक्षा कमी विद्यार्थी असले की आकडा छापत नाहीत," हॅडलीसाहेब म्हणाले. "फार थोडे असतील तर कोण ते ओळखू येईल. त्यांची ओळख जपण्यासाठी नियम आहे."

"माझ्या बसमध्ये रोज चोवीस जण बसतात," मी म्हणालो. "त्यातला एक गोरा. बाकी तेवीस कोण, बदकं?"

"मला समजतंय, मिस्टर पार्फे. पण कागदावर चारच आहेत."

मग त्यांनी नीट सांगितलं. वादळानं आमच्या गाड्या, बोटी, सगळं धुऊन नेलं, तेव्हापासून बस आणि पोरांची अर्धी फी वादळाच्या मदतनिधीतून चालायची. तो निधी आता संपला. पुढचे पैसे राज्य देणार, मागे राहिलेल्या समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून. पण ज्यांचा आकडा छापलेला असेल त्यांनाच. चांदणीला बस मिळत नाही. सत्राच्या चौदाव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता राज्यभर मोजणी बंद होते. त्या वेळी जो आकडा असेल तोच वर्षभर. आणि तो दिवस होता नववा.

एल्मीर उठली आणि तक्त्याजवळ गेली.

"साहेब, ओळख जपता म्हणालात. कुणापासून?"

"म्हणजे... कुणापासूनही."

"आम्हाला दुकानात ओळखतात, बँकेत ओळखतात, पोलीस तर गाडी लांबून पाहून ओळखतात. आम्हाला न ओळखणारी एकच जागा राहिली होती, हा तक्ता. आणि तिथंच तुम्ही आम्हाला पांघरूण घातलंत."

हॅडलीसाहेबांनी तक्ता बंद केला.

बस बंद म्हणजे काय, ते मी सांगू शकतो. खाडीच्या टोकापासून कॉलेज बेचाळीस मैल. माझ्या मागच्या सीटवर मेझी बिलियो बसते. वय चौतीस, दोन लेकरं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष. तिची गाडी वादळात गेली, नवरा त्याआधीच गेला होता, वादळाशिवायच. बस नसेल तर मेझीचं शिक्षण त्याच दिवशी संपलं. ती एकटी नाही, पण तिचं नाव घेतो, कारण पुढं लागणार आहे.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला एल्मीर खाडीच्या टोकाला माझी वाट बघत उभी. ती राहते कॉलेजजवळ. भाचीला गाडी चालवायला लावून उलटी बेचाळीस मैल आली होती, आणि काखेत फॉर्मचा गठ्ठा. बस भरली तशी ती मधल्या वाटेत उभी राहिली, दांड्याला धरून.

"ऐका रे. वंशाचा चौकोन ज्यानं रिकामा सोडलाय त्यानं हा फॉर्म भरून द्यायचा. मी तुमच्या वतीनं भरू शकत नाही, तो ज्याचा त्यानं भरायचा असा नियम आहे. गुरुवारी पाचच्या आत."

कुणी हात पुढं केला नाही. मागून ड्यूई सोले, वेल्डिंगला आहे, एकोणीस वर्षांचं कार्टं, बोललं, "तांत, आता भरा म्हणतेस? जानेवारीत काउंटरवर मी त्या चौकोनावर पेन ठेवलं, तर तूच पेन्सिलीनं टकटक केलंस ना? 'राहू दे ते, बाळा,' म्हणालीस. फ्रेंचमध्ये, हळूच."

"मलाही," मेझी म्हणाली.

"मला पण."

"माझ्या भावालासुद्धा. तो आता ट्रक चालवतो."

मी आरशातून बघत होतो. एल्मीर दार्दारच्या तोंडाला तोंड द्यायची खाडीवर कुणाची टाप नाही, आणि ती तिथं उभी, चेहरा पांढराफटक. मला वाटलं आता कुणाच्या तरी कानाखाली वाजणार.

"हो," ती म्हणाली. "मीच. एकतीस वर्षं. खाडीवरचं आडनाव दिसलं की टकटक. मला वाटायचं मी तुम्हाला सांभाळतेय. माझ्या आईनं मला सांभाळलं तसं. ती चांदणी राज्यानं नाही काढली रे. मी काढली."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. तिचा नाही, सगळ्याचाच. ज्या बाईनं आमच्या निम्म्या पोरांची फी माफीची कागदपत्रं स्वतः जेवणाच्या सुट्टीत बसून लावली, तिच्याच हातून आम्ही पुसले गेलो होतो. प्रेमानं, अगदी जपून.

"मी भरला असता," ड्यूई जरा नरमून म्हणाला. "पण आजी ऐकायची नाही. तिनं शपथ घातलीय."

"माझीपण," मेझी म्हणाली. "आणि माझी आजी कोण, माहितीय ना तुला."

माहितीच होती. मेझीची आजी म्हणजे मेमेर मार्सेलीन. मेमेर म्हणजे आजी, पण ती सगळ्या खाडीची. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, आणि तिच्या शब्दापुढं पाद्रीसुद्धा जात नाही. ती हो म्हणाली तर खाडी हो म्हणणार.

शनिवारी सकाळी धक्क्यावरच्या शेडमध्ये बायका कोळंबीची डोकी मोडायला बसतात. दोन्ही हातांनी, एका वेळी दोन, बघणाऱ्याला बोटं दिसत नाहीत. एल्मीर मला घेऊन गेली. का, विचारलं तर म्हणाली, "मला मारायला लागल्या तर कुणीतरी अडवायला हवं." जाताच तिनं बाही वर केली आणि पाटीशी बसून डोकी मोडायला लागली. रिकाम्या हातानं तिथं बोलायची रीत नाही.

मेमेर मार्सेलीननं बराच वेळ तिच्याकडे बघितलंच नाही. मग म्हणाली, "कॉलेजात बसून बोटं जड झाली तुझी."

"झालीत, मेमेर."

"कशाला आलीस ते कळलंय मला. मेझीनं सांगितलं. नाही."

"ऐकून तर घे."

"तू ऐक. मी लिहिलं होतं. माझ्या थोरल्याला, युलिसला, मी गावातल्या शाळेत घेऊन गेले. नवा शर्ट शिवला होता त्याला. मास्तरणीनं विचारलं काय लिहू, मी म्हटलं इंडियन लिही, लाज कसली. तिनं लिहिलं. आणि मग वहीतलं दुसरं पान काढून वाचून दाखवलं, की इंडियनांना इथं घ्यायचं नाही. लिहिलं नसतं तर कदाचित चेहरा बघून सोडलं असतं. तो गोरटेला होता. तो जन्मभर सहीऐवजी फुली मारत राहिला. त्यांनी मला लिहायला लावलं, आणि मग लिहिलेलं माझ्या पोराच्या तोंडावर फेकलं. आता म्हणतात बस देतो, लिहा. उद्या दुसरं काही काढतील, तेव्हा यादी कुठून घेतील? हीच यादी घेतील."

शेडमधल्या सगळ्या बायकांचे हात थांबले होते. खरं सांगू, मला म्हातारीचं पटलं. माझ्या आईनंही मला हेच सांगितलं होतं. मी एल्मीरकडे बघितलं. वाटलं, आता उठावं आणि घरी जावं.

एल्मीर उठली नाही. "यादी त्यांच्याकडे कधीपासूनच आहे, मेमेर," ती म्हणाली. "युलिसला हाकललं तेव्हा कागद बघून हाकललं का? मला कारखान्यात मागच्या दारानं यायला सांगायचे, तेव्हा कुणी माझा फॉर्म मागितला? त्रास द्यायचा असला की आपण कोण ते सगळ्यांना बरोबर कळतं. द्यायची वेळ आली की मात्र म्हणतात, कागदावर नाही. आपण लपलो नाही गं. आपण त्यांचं काम सोपं केलं. आणि सगळ्यात जास्त मी केलं."

"आणि तुझ्या कागदावर?" मेमेरनं विचारलं. "नोकरीच्या? काय लिहिलंयस एकतीस वर्षं?"

एल्मीरनं हातातली कोळंबी खाली ठेवली. "काही नाही," ती म्हणाली. "रिकामा."

"बघा!" मेमेर बायकांकडे वळली. "स्वतः रिकामी, आणि माझ्या नातीला भर म्हणते. वा गं वा!"

बायका हसल्या. चांगलं हसणं नव्हतं ते. मी तोंड उघडणार होतो, पण एल्मीरनं पाटीतले हात काढले, ॲप्रनला पुसले, गठ्ठ्यातला एक फॉर्म काढला, उलटी पेटी पुढं ओढली आणि लिहायला बसली. कर्मचाऱ्यांचा फॉर्म होता. तो ती घेऊनच आली होती की काय, देव जाणे. त्याचा पोरांच्या आकड्याशी काही संबंध नव्हता. नोकरांची मोजणी वेगळी. पण चौसष्ट वर्षांची बाई, आणि एका चौकोनात खूण करायला तिला पाच मिनिटं लागली. कागदावर कोळंबीचं पाणी पडलं.

मेमेरनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नाही, मेझी वाचून दाखवायला पुढं झाली.

"अमेरिकन इंडियन," मेझी म्हणाली.

"आणि पुढं?"

"पुढं एक ओळ आहे, जमात कुठली ती. रिकामी आहे."

"मग ती का रिकामी?" मेमेर एल्मीरवर डाफरली. "लिहायचं तर पुरतं लिही. अर्धं लिहायला तुला कुणी सांगितलं? हूमा लिही. मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे चष्मा नाही म्हणून सांगायला नको त्यांना."

एल्मीरनं लिहिलं. मेमेरनं त्या अक्षरांवरनं बोट फिरवलं, ओलं. मग नातीला म्हणाली, "तू काय बघतेस? घे पेन. आणि एल्मीर, यातनं माझ्या पोरीला काही झालं ना, तर तुला अशी शेपटासकट सोलीन."

"सोल," एल्मीर म्हणाली.

सोमवारपासून बसमध्ये फॉर्म यायला लागले. कुणाचा चुरगळलेला, कुणाचा कॉफी सांडलेला. ड्यूईनं आपला वेल्डिंगच्या काळ्या मार्करनं भरला, पलीकडच्या पानावर उमटला इतका. एक जण नाही म्हणाला, माझाच पुतण्या. मी त्याला चार शिव्या हासडल्या, तर एल्मीरनं मलाच झापलं. "नको म्हणतोय तर नको. आपण जबरदस्तीनं लिहून घेतलं तर आपल्यात आणि त्या मास्तरणीत फरक काय राहिला?" गुरुवारी पाचला मोजणी बंद झाली. आकडा, बावीस.

मी हॉर्न वाजवत खाडीवर गेलो त्या दिवशी. टोकापर्यंत. कुणीतरी गंबोचं, म्हणजे आमच्या कोळंबीच्या रश्श्याचं, पातेलं चढवलं. मला वाटलं झालं, जिंकलो.

कसलं काय! नोव्हेंबरात राज्याच्या राजधानीहून पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की आपल्या कॉलेजात या गटाची संख्या एका वर्षात चारवरून बावीस झालेली दिसते, ही नोंदणीतली चूक असावी. दहा दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास मागील वर्षाचा आकडा धरण्यात येईल.

मागील वर्षाचा म्हणजे चार. चार म्हणजे चांदणी. डोक्यात तिडीक गेली माझ्या. लपलो तर नाहीत, दिसलो तर चूक!

हॅडलीसाहेबांनी खुलासा तयार केला. मला एल्मीरनं बोलावून घेतलं होतं, बसची पत्रं माझ्यासमोर वाचायची असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. साहेबांनी लिहिलं होतं की कॉलेजनं यंदा खाडीच्या भागात विशेष मोहीम राबवली, त्यामुळं या समाजाचे नवे विद्यार्थी मोठ्या संख्येनं दाखल झाले.

"हे खोटं आहे," एल्मीर म्हणाली.

"जरा मोघम आहे."

"साफ खोटं आहे. मेझी तीन वर्षांपासून आहे. ड्यूई जानेवारीपासून. प्रत्येकाचा नंबर राजधानीत आहे. ते ताडून बघतील, नवं कुणीच नाही हे त्यांना दिसेल, आणि मग बावीसच्या बावीस खोटे ठरवतील. बस गेलीच म्हणून समजा. आणि पुन्हा तेच. आम्ही आता आलो म्हणे! आम्ही कुठून येणार?"

"मग कारण काय लिहू?" साहेबांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. "लोक एकाएकी चौकोन भरायला लागले, याचं काहीतरी कारण द्यायला हवं!"

"जे आहे ते लिहा. की काउंटरवरच्या बाईनं एकतीस वर्षं त्यांना भरू दिलं नाही."

हॅडलीसाहेब खुर्चीत मागे टेकले. "मिसेस दार्दार, हे कागदावर आलं, तर मला त्यावर कारवाई करावी लागेल. सरकारी नोंदीत ढवळाढवळ होते ही. तुमच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. मी हे ऐकलंच नाही असं धरतो. समजतंय मला..."

"तुम्हाला नाही समजत," ती म्हणाली. रागानं नाही, सरळ. "तुम्ही ऐका. चांगलं ऐका."

ती तिथंच बसली आणि खुलासा लिहिला. मी तिच्या खांद्यावरून वाचला, म्हणून शब्दन्‌शब्द माहीत आहे. 'यंदाच्या आकड्यात चूक नाही. नवीन कोणी आलेले नाही. चूक मागील एकतीस वर्षांच्या आकड्यांत आहे. ती मी केली, खाडीवरच्या विद्यार्थ्यांना वंशाचा रकाना रिकामा सोडायला सांगून. हे सर्व विद्यार्थी त्या काळातही इथेच होते. पडताळणीसाठी प्रत्येकाची सही असलेला फॉर्म सोबत आहे.' खाली नाव, हुद्दा, आणि कुणी विचारलं नव्हतं तरी कंसात, हूमा.

हॅडलीसाहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. माझी खात्री होती, हा माणूस फाडून टाकणार. त्यांनी कोपऱ्यात स्वतःची सही केली आणि शिक्का मारला. नंतर मला म्हणाले, "माझ्या आईचे वडील कुठले, ते आमच्या घरात कधीच कुणी सांगितलं नाही."

डिसेंबरात दोन पाकिटं आली. एक कॉलेजला. आकडा मान्य, बावीस छापणार, बस आणि फीची मदत वर्षभर चालू. दुसरं एल्मीरच्या नावावर. लेखी ताकीद. आपल्या हातून नोंदींत गंभीर ढवळाढवळ झाली, ही ताकीद कायम आपल्या सेवापुस्तकात राहील, पुन्हा असे घडल्यास निवृत्तिवेतनावर परिणाम होईल, वगैरे वगैरे. पानभर.

शुक्रवारी सकाळी ती पुन्हा खाडीच्या टोकाला येऊन बसमध्ये चढली. मेमेर मार्सेलीनही होती, तिला शुक्रवारी डॉक्टरकडे जायचं असतं. एल्मीरनं आधी पहिलं पत्र वाचलं. बसमध्ये जो गलका झाला त्यात माझ्या काचा हादरल्या. मेझी रडायला लागली आणि ड्यूईनं तिच्या पाठीवर धपाटे घातले, सांत्वन म्हणून. मग एल्मीरनं दुसरं पत्र वाचलं, इंग्रजीत, आणि मेमेरसाठी ओळीओळीनं फ्रेंचमध्ये.

"एवढं सगळं लिहून दिलं तुला?" मेमेर म्हणाली. "आम्हाला तर हाकलून द्यायचे आणि कागदाचा चिटोराही हातात ठेवायचे नाहीत. दाखव." तिनं ते पत्र उलटसुलट केलं. "काय काय लिहिलंय म्हणालीस? तू काय केलंस ते?"

"हो."

"आणि का केलंस ते?"

"ते नाही लिहिलं," एल्मीर म्हणाली. "ते त्यांनी विचारलंच नाही. पण खाली एक ओळ आहे. कर्मचाऱ्यास काही म्हणणे मांडायचे असल्यास या पत्रास जोडावे, म्हणजे तेही सेवापुस्तकात कायम राहील."

"कायम?"

"कायम."

मेमेर मार्सेलीननं आपली पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि शेजारची जागा हातानं झाडली. "मग बस इथं," ती म्हणाली. "लिही. त्याचं नाव युलिस बिलियो. तेव्हा त्याला सातवं लागलं होतं. मी शिवलेला नवा निळा शर्ट होता अंगात."

एल्मीर बसली आणि पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. रस्ता खाडीकाठचा, खड्ड्यांचा, तिचं अक्षर हलायला नको म्हणून मी गाडी ताशी वीस मैलांवर आणली. बेचाळीस मैल आम्ही तसेच गेलो. सगळ्यांचा पहिला तास बुडाला, पण एकानंही मला लवकर चल म्हटलं नाही.